एका पेशीवर नेम

बाबांच्या गळ्याला शेक चालू होते तेव्हाची गोष्ट. आमच्या सांगलीकडे रेडिएशनला रेडिएशन म्हणणारं माणूस विरळाच, 'शेक' म्हणतात नाहीतर 'लाइट'. किती लाइट झाल्या? वीस झाल्या, पंधरा राहिल्या. वेटिंगच्या बाकड्यांवर हेच बोलणं चालायचं. रोज सकाळी तासगावहून एसटीनं मिरज गाठायची, तिथं तो चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीचा मुखवटा लावून टेबलावर निपचित पडायचं, पाच-दहा मिनिटांत काम उरकायचं आणि परतीची एसटी पकडायची. रोज २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप), आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे, एकूण ७० ग्रे. मी नुकतीच रेडिएशन बायॉलॉजीत पीएचडीला लागले होते, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं हिला सगळं माहिती असणार.

एकदा परतीच्या एसटीत बाबांनी विचारलं, "काय गं, हा शेक नेमका गाठीलाच लागतो का? का शेजारच्यांनाही चटका बसतो?" बोलताना त्यांना त्रास व्हायचा तरी विचारलं, म्हणजे बरेच दिवस डोक्यात असणार. बाबा कॅरमचे पट्टीचे खेळाडू, त्यांच्या लेखी नेम म्हणजे नेम, जी सोंगटी घ्यायची तीच हलली पाहिजे, बाजूची हलली की गेलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ज्या पेशीला किरण लागतो तिला इजा होते, जिला लागत नाही तिला काही होत नाही, गाठीच्या कडेनं डॉक्टर थोडं जास्तीचं धरतात तेवढ्या पेशींना लागतो पण त्या सावरतात. बाबांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

'बायस्टँडर इफेक्ट', म्हणजे किरण न लागलेल्या शेजारच्या पेशींवरही होणारा परिणाम, हा शब्द तेव्हा मी वाचलेला होता, पण वाचणं वेगळं आणि स्वतः एका पेशीवर नेम धरून शेजारणींचं काय होतं ते मोजणं वेगळं. ते पुढे जपानमधे पोस्टडॉक करताना नशिबात आलं, आणि बाबांना दिलेलं उत्तर मला तेव्हापासून टोचत राहिलंय. म्हणून हे लिहितेय.

आधी मापं डोळ्यासमोर आणू. आपला केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेशीचं केंद्रक साधारण १० मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीत सात-आठ केंद्रकं ओळीनं बसतील. हॉस्पिटलातला बीम, म्हणजे किरणांचा झोत, सेंटिमीटरमधे मोजतात आणि एका घनसेंटिमीटरमधे दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असतात. तिथं कुठल्या पेशीला किती लागलं हे विचारण्यात अर्थच नाही, पाऊस पडला की शिवार भिजतं एवढंच म्हणायचं. आणि आम्हाला मात्र विचारायचं होतं की या एका पानावर एकच थेंब पडला तर त्या पानाचं काय होतं, आणि शेजारच्या कोरड्या पानांचं काय होतं.

हा ध्यास जुना आहे. १९१२ साली सर्गेई चाखोतिन नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं अतिनील किरणांची बारीक टोचणी करून पेशीचा इवलासा भाग भाजायची पद्धत काढली. मग १९५३ मधे शिकागोच्या झर्कल आणि ब्लूम यांनी प्रोटॉनचा काही मायक्रॉनचा बीम करून, विभाजन चालू असलेल्या पेशीत, एकदा क्रोमोझोमवर आणि एकदा क्रोमोझोम सोडून बाकीच्या भागात मारून बघितला. क्रोमोझोमवर थोडेसेच प्रोटॉन पडले तरी ते चिकटायला लागायचे, बाहेर कितीतरी जास्त पडले तरी पेशी आपलं विभाजन पूर्ण करायची. पण मला सगळ्यात आवडतो तो १९७० चा मन्रो यांचा प्रयोग. बारीक सुईच्या टोकाला पोलोनियम लावायचं, त्यातनं निघणारे अल्फा कण थोडंच अंतर जातात, त्यामुळे सुई पेशीच्या कडेला हलकेच टेकवली की नुसत्या सायटोप्लाझमला, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या भागाला, मार बसतो आणि केंद्रक कोरडं राहतं. चायनीज हॅमस्टरच्या पेशींच्या सायटोप्लाझमला त्यांनी २५० ग्रे एवढा मार दिला तरी पेशींची वाढ थांबली नाही, आणि केंद्रकाला मात्र एक-दीड ग्रे पुरले. सुई, हात आणि मायक्रोस्कोप, बास. पुढे कित्येक वर्षं आमच्या शास्त्रात जे गृहीत धरलं गेलं, की केंद्रक हेच लक्ष्य, डीएनए हेच लक्ष्य, बाकी सगळा भराव, त्याच्या मुळाशी असले प्रयोग आहेत. बाबांना मी एसटीत जे सांगितलं तेही शेवटी यातनंच आलेलं.

आता एक्स-रेच का, अल्फा किंवा प्रोटॉन का नाही, असं कोणी विचारेल. कणांचे मायक्रोबीम आहेत आणि चांगले आहेत, न्यूयॉर्कजवळ कोलंबिया विद्यापीठाचा आहे, तिथं एकेक कण मोजून मारता येतो. पण कण हवेतनं आणि पातळ पडद्यातनं जाताना थोडा तरी भरकटतो, आणि अल्फा कण म्हणजे एकदम जड घाव. आपल्याला रोजच्या आयुष्यात भेटणारं रेडिएशन बरंचसं गॅमा आणि एक्स-रे जातीचं, म्हणजे शेवटी त्यानं उडवलेल्या इलेक्ट्रॉनचं. त्याचा अभ्यास करायचा तर एक्स-रेच पाहिजे. आणि कमी ऊर्जेचे एक्स-रे एक फार सोयीची गोष्ट करतात, जिथं शोषले जातात तिथंच जवळपास सगळी ऊर्जा टाकतात, इकडेतिकडे उधळत नाहीत.

अडचण ही की एक्स-रेला भिंग लागू पडत नाही. काचेचं भिंग उजेडाला वळवतं तसं एक्स-रेला वळवत नाही, एक्स-रे सरळ पार जातात नाहीतर शोषले जातात. लंडनच्या वायव्येला नॉर्थवुडमधे माउंट व्हर्नन हॉस्पिटलच्या आवारात ग्रे लॅबोरेटरी होती (ज्यांच्या नावानं आपण डोस मोजतो ते एल. एच. ग्रे, त्यांनीच १९५३ मधे उभी केलेली), तिथं मेल्विन फोकार्ड, केविन प्राइज, बॅरी मायकल, ज्युसेप्पे शेट्टिनो या मंडळींनी यावर तोडगा म्हणून झोन प्लेट वापरली. झोन प्लेट म्हणजे एकात एक गोल कड्या, एक कडी आरपार, एक बंद, आणि बाहेरच्या बाजूला कड्या अधिकाधिक बारीक होत जातात. दिसायला पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या लाटांसारखी. प्रत्येक कडीतनं आलेल्या लहरी पुढे एका ठिपक्यावर एकमेकींना साथ देतात आणि तिथं बीम एकवटतो. ग्रॅफाइटवर इलेक्ट्रॉन आदळून निघणारे कार्बनचे २७८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे (हे ऊर्जेचं माप) एक्स-रे त्यांनी असे पाव मायक्रॉनच्या आसपास गोळा केले. म्हणजे केंद्रकाच्या चाळिसाव्या भागाइतका ठिपका! या एक्स-रेनं उडवलेले इलेक्ट्रॉन १० नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा शंभरावा भागसुद्धा जात नाहीत, त्यामुळे नेम धरला तिथंच घाव. उलट बाजू ही की हे किरण इतके दुबळे की पेशीत दोन-तीन मायक्रॉन शिरले की बरेचसे संपतात, पेशी एक मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिकवर वाढवाव्या लागतात नाहीतर डिशच्या बुडातच सगळं संपायचं.

मला मात्र नॉर्थवुड बघायला मिळालं नाही, मी गेले ते त्सुकुबाला, केईके या संशोधन संस्थेच्या फोटॉन फॅक्टरीत. टोकियोपासून साठेक किलोमीटर. तिथं २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन एका मोठ्या कड्यात, सिंक्रोट्रॉनमधे, फिरत असतात आणि वळताना जो उजेड सांडतात त्यातनं एक्स-रे उचलायचे. (आपल्या इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनची ऊर्जासुद्धा बरोबर तेवढीच, २.५ जीईव्ही. इंदूरला आमचे नातेवाईक आहेत, त्यामुळे मला ही गोष्ट उगाच जवळची वाटते, आणि तिथं कधीतरी पेशींसाठीचा बारीक बीम घेऊन बसायची माझी फार इच्छा आहे.)

त्सुकुबाच्या बीमची ऊर्जा ५.३५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट. पहिल्या दिवशी मी विचारलं की ५.३५ च का, यात पेशींचं काही खास आहे का. उत्तर ऐकून मी अक्षरशः खुश झाले. सिंक्रोट्रॉनचा बीम जमिनीला समांतर येतो. आता पेशी असतात डिशमधे आणि डिशमधे असतं पाणीदार मिडियम. आडव्या बीमसमोर डिश धरायची तर उभी करावी लागणार, आणि ताट उभं धरलं तर आमटी सांडणारच ना. म्हणून बीमच वर वळवायचा, बरोबर काटकोनात, म्हणजे डिश आडवी ठेवून खालनं बुडातनं किरण मारता येतील. वळवायला सिलिकॉनचा स्फटिक, त्यातल्या अणूंच्या विशिष्ट थरांवरनं, ज्यांना ३११ म्हणतात आणि ज्यांच्यातलं अंतर साधारण १.६४ अँगस्ट्रॉम आहे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मायक्रॉनचा दहा हजारावा भाग), बीम ४५ अंशांत परावर्तित करायचा. आणि ४५ अंशांत त्या थरांवरनं एकच तरंगलांबी नीट परावर्तित होते, २.३२ अँगस्ट्रॉम. ऊर्जेत सांगायचं तर ५.३५. आकडा जीवशास्त्रातनं आलाच नव्हता, मिडियम सांडू नये एवढ्यासाठी आलेला होता! मी हॉस्टेलवर जाऊन कागदावर गणित करून बघितलं, आणि बरोबर आलं तेव्हा एखादं कुलूप उघडल्यासारखं वाटलं.

बीमला आकार द्यायला तिथं झोन प्लेट नव्हती, साध्या चार पात्यांची फट होती, दोन उभी दोन आडवी, आणि पाती सरकवून बीम हवा तेवढा लहान-मोठा चौकोनी करायचा, लहानात लहान ५ मायक्रॉन. नॉर्थवुडच्या मानानं जाडाभरडाच, पण ही फट कमीजास्त करता येते हेच तिचं बळ. १० मायक्रॉनचा चौकोन केला की नुसतं केंद्रक, ५० चा केला की अख्खी पेशी. याच सोयीनं तिथल्या माएदा, उसामी आणि कोबायाशी यांनी २००८ मधे दाखवलं की व्ही-७९ या चायनीज हॅमस्टरच्या पेशींमधे नुसत्या केंद्रकाला थोडा डोस दिला तर अख्ख्या पेशीला तेवढाच डोस दिल्यापेक्षा जास्त पेशी मरतात. उलटं वाटतं की नाही? सायटोप्लाझमलाही मार बसला की पेशी जास्त तगते. म्हणजे ज्याला आपण भराव म्हणत होतो तो काहीतरी करतोय, बहुतेक दुरुस्तीची हाक तिकडनं येतेय. मन्रोंच्या सुईनं जे दिसलं नव्हतं ते इथं दिसलं, कारण इथं प्रश्न वेगळा विचारला गेला.

बीमटाइम आम्हाला रात्रीचा मिळाला. आदल्या दिवशी पेशी पातळ फिल्मच्या बुडाच्या डिशमधे पेरून ठेवलेल्या. केंद्रकं निळी चमकावीत म्हणून होएश्टचा रंग घालायचा, मग मायक्रोस्कोपखाली संगणक अख्खी डिश चाळतो आणि प्रत्येक निळ्या ठिपक्याचा पत्ता लिहून घेतो. पत्ता म्हणजे दोन आकडे, एवढे मायक्रॉन उजवीकडे, एवढे वर. त्यातल्या कुठल्या पेशीवर किरण मारायचा ते आपण ठरवायचं. बीम कुठं आहे ते चमकणाऱ्या पडद्यावर आधी बघून घ्यायचं, स्क्रीनवर एक छोटा चौकोन दिसतो, त्याच्यावर खूण करून ठेवायची. मग शिशाच्या खोलीतनं बाहेर यायचं, आत कोणी राहिलं नाही ना ते बघून बटण दाबायचं, दार लावायचं. त्यानंतर सगळं टेबलच हलतं, बीम जागेवर आणि डिश सरकत सरकत एकेक पेशी बीमवर आणते, थांबते, शटर उघडतं, बंद होतं, पुढची.

१ ग्रे म्हणजे एका केंद्रकाला नेमकं किती, याचा हिशोब मी तिथंच वाट बघत बसले असताना केला. १० बाय १० मायक्रॉनचा चौकोन आणि ५ मायक्रॉन जाडी धरली, घनता पाण्याची, तर वजन येतं अर्धा नॅनोग्रॅम. तेवढ्याला १ ग्रे द्यायला ५.३५ चे साधारण सहाशे फोटॉन, म्हणजे एक्स-रेचे कण, शोषले जायला लागतात. मारावे लागतात मात्र तीसेक हजार, कारण शंभरातले अठ्ठ्याण्णव फोटॉन पेशीला न शिवता पार निघून जातात. सहाशे. इतका छोटा आकडा असेल असं मला आधी वाटलंच नव्हतं. आणि त्या १ ग्रेनं डीएनएचा एकच धागा तुटल्याच्या साधारण हजार आणि दोन्ही धागे एकदम तुटल्याच्या तीस-चाळीस जागा होतात. पेशी त्यातल्या बहुतेक दुरुस्त करते, हे लक्षात घ्या.

पहिल्या रात्रीची पहिली डिश माझ्याकडनं वाया गेली, मिडियम कमी ठेवलं होतं आणि बुडाशी पेशी सुकल्या. दुसरी नीट झाली. अर्ध्या तासानं पेशी फिक्स केल्या, म्हणजे रसायनानं होत्या तशा थांबवल्या, आणि पुढे गॅमा-एचटूएएक्सचा रंग दिला. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की आजूबाजूच्या एचटूएएक्स या प्रोटीनवर फॉस्फेट लागतं, हे १९९८ मधे कळलं, आणि त्याला हिरवा चमकणारा अँटिबॉडी लावला की तुटलेली जागा हिरवी दिसते. मायक्रोस्कोपवर डोळा टेकवला. निळ्या लंबगोल केंद्रकात मधोमध हिरवा चौकोन. अस्पष्ट गोल डाग नव्हे, चौकोन, चार पात्यांच्या फटीचाच आकार, पाच मायक्रॉनचा, त्या जिवंत पेशीच्या डीएनएवर उमटलेला. त्या चौकोनाच्या कडेला केंद्रकाचा उरलेला भाग काळाभोर निळा, आणि शेजारच्या पेशीत काहीच नाही. मी किती वेळ बघत होते माहिती नाही. बाबांचा नेम आठवला. हीच ती सोंगटी, हीच हलली, बाजूची नाही.

आणि इथंच खरी गोष्ट सुरू होते, कारण त्या फोटोत शेजारच्या पेशी शांत दिसतात म्हणून त्या शांत असतात असं नाही.

१९९२ मधे हार्वर्डच्या नागासावा आणि लिटल यांनी पेशींना अल्फा कणांचा इतका कमी डोस दिला होता की शंभरातल्या एकीच्याही केंद्रकातनं कण गेला नसेल, आणि तरी ३० टक्के पेशींमधे क्रोमोझोमच्या अदलाबदलीच्या खुणा सापडल्या. एकीला लागलं आणि तीस जणींना कळलं. लोकांनी शंका घेतल्या, घ्यायलाच पाहिजेत, कारण त्या प्रयोगात कुठल्या पेशीला लागलं आणि कुठलीला नाही हे कोणालाच दाखवता येत नव्हतं, सगळा हिशोब सरासरीचा. मायक्रोबीम लागतो तो इथं. तुमच्याकडे पत्ता आहे, तुम्ही छातीठोक सांगू शकता की या डिशमधे फक्त या एका पेशीला लागलंय.

नॉर्थवुडच्या लोकांनी तेच केलं. शेकडो व्ही-७९ पेशींची डिश, त्यातल्या एकाच पेशीच्या केंद्रकावर कार्बनच्या एक्स-रेचा तो पाव मायक्रॉनचा ठिपका, आणि मग बाकीच्या किती जगल्या ते मोजायचं. जवळपास १० टक्के पेशी कमी जगल्या. एकीवर किरण मारला आणि डिशमधल्या दहातल्या एकीनं वाढणं सोडलं. आणि त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट शेट्टिनो आणि मंडळींनी २००५ मधे लिहिली. त्या एकीला डोस वाढवत नेला तरी शेजारच्यांचं नुकसान वाढत नाही, तेवढंच राहतं, १० टक्क्यांच्या आसपास. ०.३ ग्रेच्या वर दिलं की दर वेळी होतं, त्याच्या खाली आलं की कधी होतं कधी होत नाही, पण झालं तर पूर्ण होतं. हाक दिली तर पूर्ण आवाजात, नाहीतर नाहीच. डोसानं ठरते ती हाक दिली जाण्याची शक्यता. त्यांचा अंदाज असा की एका पेशीतनं एकच वेगवान इलेक्ट्रॉन गेला तर ती हाक देण्याची शक्यता फार थोडी.

मी हे पुन्हा पुन्हा का सांगतेय, तर आमच्या शास्त्राची सगळी मांडणी हिशोबाची आहे. इतकी ऊर्जा, डीएनए इतक्या जागी तुटला, इतका धोका, अर्धी ऊर्जा की अर्धा धोका. आणि इथं एक पेशी ठरवते की बोलायचं का नाही. त्यांचं बोलणं कसं चालतं यातलं थोडंफार कळलंय. पेशी एकमेकींना चिकटून असतील तर त्यांच्यामधल्या बारीक दारांतनं, गॅप जंक्शनमधनं, रेणू पलीकडे जातात. चिकटून नसतील तर मिडियममधनं, त्यात नायट्रिक ऑक्साइड आहे, ऑक्सिजनचे तापट रेणू आहेत, टीजीएफ-बीटासारखी प्रोटीनं आहेत. नायट्रिक ऑक्साइड टिपून घेणारं रसायन मिडियममधे घातलं की बऱ्याच प्रयोगांत शेजारणींना काही कळतच नाही. एवढंच नव्हे, ग्रे लॅबच्याच लोकांनी २००४ मधे हेलियमचे कण नुसत्या सायटोप्लाझमवर मारले, केंद्रकाला धक्का नाही, तरी शेजारणींपर्यंत हाक गेली. म्हणजे हाक द्यायला डीएनए तुटायलाच पाहिजे असंही नाही.

आमचं मोजणं मात्र फार साधं असतं, आणि तेच मला सगळ्यात प्रिय आहे. बीम दिल्यावर पेशी आठवडाभर वाढू द्यायच्या. जी पेशी जगली ती दुपटीनं वाढत वाढत वसाहत करते, पन्नासपेक्षा जास्त पेशींची झाली की ती जगली असं धरायचं. मग मिडियम ओतून द्यायचं, रंग घालायचा, पाण्यानं धुवायचं, आणि डिशच्या बुडावर जांभळे ठिपके उरतात. डिश उलटी धरायची, मागनं दिवा, हातात मार्कर, आणि एकेक ठिपक्यावर टिंब देत मोजत जायचं. आई दारात रांगोळी काढायच्या आधी ठिपके मांडायची तेव्हा मी मोजत बसायचे, अकरा ते सहा, त्याची आठवण येते दर वेळी. फक्त इथं जे ठिपके नाहीत ते जास्त महत्त्वाचे. ही डिश, एका पेशीला बीम दिलेली, आणि ही शेजारची, सगळं तसंच करून शटर बंद ठेवलेली. दोन्ही हातात धरल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही. दहा टक्के डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून एका डिशवर काही सांगताच येत नाही, अशा कितीतरी डिश, कितीतरी रात्री, आणि कुठली डिश कुठली हे मोजणाऱ्याला माहिती नसलं पाहिजे, म्हणून लेबलावर नुसता नंबर. किल्ली वेगळ्या वहीत. वही शेवटी उघडायची. वही उघडताना माझे हात अजूनही थोडे थरथरतात.

हे वाचून कोणाच्या घरात कोणाचे शेक चालू असतील तर कृपा करून घाबरू नका, हे मी मनापासून सांगतेय. हॉस्पिटलमधे जो डोस देतात तो किती द्यायचा, कितीत विभागून द्यायचा, हे डिशमधल्या पेशींवरनं ठरलेलं नाही, लाखो रुग्णांच्या अनुभवातनं कित्येक दशकांत ठरलंय. शेजारच्या पेशींचं जे काही भलंबुरं होत असेल ते त्या अनुभवात आपोआप आलेलंच आहे. शिवाय २ ग्रेमधे गाठीतली आणि आजूबाजूची प्रत्येक पेशी भिजलेलीच असते, हाक देणारी आणि ऐकणारी वेगळी राहतच नाही. बायस्टँडरचा प्रश्न खरा टोकदार होतो तो अगदी कमी डोसात, जिथं बहुतेक पेशी कोरड्या आणि एखादीच भिजलेली. घरातला रेडॉन वायू, निसर्गातलं पार्श्वभूमीचं रेडिएशन, एखादा सीटी स्कॅन. १ मिलिग्रे म्हणजे ढोबळमानानं प्रत्येक केंद्रकातनं एक इलेक्ट्रॉन गेला असं समजा. अशा वेळी मोठ्या डोसाच्या आलेखाची रेघ खाली ओढत शून्यापर्यंत नेऊन धोका काढायचा ही आपली पद्धत. ती रेघ तिथं सरळ आहे, वर वाकते का खाली वाकते, हे नुसत्या सरासरीनं कळणार नाही. आणि हाक ऐकून पेशी मरतातच असंही नाही, काही ठिकाणी हाक ऐकलेल्या पेशी पुढच्या माराला जास्त नेटानं तोंड देतात. एखादी बिघडलेली पेशी मरून जाणं शरीराच्या भल्याचंही असू शकतं. त्यामुळे बायस्टँडर म्हणजे वाईटच, असं कोणी छापलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

बीम बारीक केल्यावर ऊतीचं वागणं किती बदलतं याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. १९६१ मधे अमेरिकेतल्या ब्रुकहेवनला झेमन, कर्टिस आणि बेकर यांनी उंदराच्या मेंदूत ड्यूटेरॉनचा (जड हायड्रोजनच्या केंद्रकांचा) बीम सोडला. १ मिलिमीटर रुंद बीमनं १४० ग्रेत तिथला भाग पार नष्ट झाला. २५ मायक्रॉनच्या बीमनं ४००० ग्रे दिले तरी ऊती टिकली, वाटेतल्या पेशी तेवढ्या गेल्या. केसाहून बारीक रेघ, आणि दोन्ही बाजूच्या धडधाकट शेजाऱ्यांनी ती जागा सांभाळली. याच धाग्यावरनं पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबलला सिंक्रोट्रॉनच्या एक्स-रेच्या बारीक पट्ट्यांनी उपचार करता येतील का यावर काम झालंय. तो वेगळाच विषय आहे, कधीतरी सवडीनं लिहीन.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. बाबा आता ठणठणीत आहेत, आवाज थोडा घोगरा राहिलाय आणि जेवताना घासागणिक पाणी लागतं, लाळ कमी झाली ती झालीच. संध्याकाळी कॅरम मांडला होता. पावडर टाकता टाकता मी विषय काढला, म्हटलं बाबा, तुम्ही एसटीत विचारलं होतं ना, त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं. आणि मग सगळं सांगितलं, तो हिरवा चौकोन, ती एक पेशी, ते दहा टक्के. फोनमधला फोटोही दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला, फोटो बोटांनी मोठा केला, चौकोनाच्या बाजूची काळी जागा बघितली.

मग स्ट्रायकर रेघेवर ठेवत म्हणाले, "दहातल्या एकीनं ऐकलं, हे कळलं. पण डिश एकच, पाणी एकच, हाक पण एकच ना? मग बाकीच्या नऊ जणींना ऐकू आलं नाही, का ऐकून पण त्या गप्प राहिल्या?"

मी सोंगट्या लावायच्या थांबले. पेशी आपल्या चक्रात कुठं उभी आहे, डीएनएची नक्कल करतेय का विभागायच्या तयारीत आहे, यावरनं तिचा कान बदलत असणार, अशी एक वाट मला दिसते. ते करायचं तर प्रत्येक शेजारणीचा पत्ता आणि प्रत्येकीची अवस्था आधी लिहून ठेवायला पाहिजे, आणि मग आठवड्यानं त्याच पत्त्यावर जाऊन बघायला पाहिजे. बाबांनी क्वीन घेतली. मी आत जाऊन वही आणली.